एका दिवसाची पाटी

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली तो कोरवून घेतला; दोन शतके लोटली तरी अक्षरे जागच्या जागी आहेत. त्याच नगरीत पहाटे गृहिणी दारापुढे तांदळाच्या पिठाचे कोलम रेखाटतात. सायंकाळपर्यंत ते पुसून जाते. पण म्हणून ते व्यर्थ गेले असे कोण म्हणेल?

वाचकहो, व्यवसायाची पाटीही अशी दोन प्रकारची असते. व्हॉट्सअ‍ॅपचे ‘स्टेटस’ आणि इन्स्टाग्रामची ‘स्टोरी’ ही कोलमाच्या जातीची पाटी होय. इन्स्टाग्रामने २०१६ साली आणि व्हॉट्सअ‍ॅपने २०१७ साली ही सोय आणली. तेथे लावलेले चित्र चोवीस तासांनी आपोआप दिसेनासे होते.

घरच्या घरी व्यवसाय करणाऱ्यास तिचा उपयोग कसा करता येईल? तंजावरची चित्रकलाच उदाहरणादाखल घेऊ. फळीवर कापड चिकटवावयाचे, खडूची पूड व डिंक यांच्या लगद्याने उठाव द्यावयाचा, काचेचे खडे बसवावयाचे, सोन्याचा वर्ख लावावयाचा आणि शेवटी रंग भरावयाचे, असे हे काम टप्प्याटप्प्याने चालते. रोज एकेक टप्पा दाखविला, तर किंमत एवढी का, हे ग्राहकास न सांगता उमगते. तंजावरच्या बाहुल्या विकणाऱ्याने नवरात्रातील कोलूच्या मांडणीआधी काही आठवडे हाच क्रम धरावा. सण उलटल्यावर लावलेली पाटी कोण वाचणार?

मात्र एक गोष्ट ध्यानी असू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आपण ग्राहकाचा आणि ग्राहकाने आपला क्रमांक जतन केलेला असेल, तरच स्टेटस त्यास दिसते. म्हणून विक्री होताच नम्रपणे तशी विनंती करावी. दिवसाला दोन-तीन चित्रे पुरेत. अधिक लावल्यास पाहणारा कंटाळतो. जे टिकावयास हवे, म्हणजे पत्ता, दर, माल परत घेण्याचे नियम, ते या पुसट पाटीवर ठेवू नये. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधील मालाची यादी किंवा इन्स्टाग्रामवरील ‘हायलाइट’ वापरावे.

आता थोडे सचोटीविषयी. चित्र उद्या नाहीसे होणार, तेव्हा आज काहीही लिहिले तरी चालेल, असा मोह काहींना होतो. नकली वर्खाला ‘अस्सल सोने’ म्हटले जाते, ‘आजच शेवटचा दिवस’ असे रोज बजावले जाते. परंतु चित्र गेले तरी शब्द उरतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसवी जाहिरात दोषास्पद ठरविली आहे. ती किती तास टिकली, याने तिचा दोष कमी होत नाही. शिवाय तंजावर चित्रांना भौगोलिक मानांकन लाभले आहे. त्या नावाखाली भलताच माल विकणारा कारागिरांच्या पिढ्यांची पुण्याई खर्ची घालतो.

आपण ग्राहक असाल, तर पैसे पाठविण्यापूर्वी दर व वर्णन दिसत असतानाच पडद्याचे छायाचित्र घेऊन ठेवा आणि पावती मागा. प्रामाणिक विक्रेत्यास त्याचा राग येणार नाही.

कोलम रोज पुसले जाते. परंतु त्या घराविषयीचे शेजाऱ्यांचे मत पुसले जात नाही. व्यवसायाचेही तसेच आहे.