दाण्यावरचा बुरा

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग पडतात. वर चिखली-मेहकरचें पठार, खालीं पूर्णेच्या खोऱ्यांतील मलकापूर-खामगांवची काळी जमीन. परंतु दोन्हीकडील शेतकऱ्यांची एक धास्ती सारखीच असते. मक्याचीं कणसें खळ्यांत येऊन पडलेलीं असतात, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास अवचित पाऊस येतो. ताडपत्रीखालीं झांकलेल्या राशीला ऊब सुटते, कुबट वास येऊं लागतो, आणि दाण्यांवर पिवळसर हिरवी पूड दिसूं लागते. पुढें ऊन पडतें, रास पसरली जाते, बुरा झटकला जातो आणि तेंच धान्य बाजारांत जातें. बुरा झटकल्यानें सर्व कांहीं गेलें काय, हा प्रश्न शेतकऱ्याइतकाच शहरांतील गृहिणीचाहि आहे.

असा पिवळसर हिरवा बुरा पुष्कळदां अ‍ॅस्परजिलस या वंशांतील बुरशीचा असतो. हें नांव १७२९ सालीं मिकेली या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञानें ठेविलें. तो ख्रिस्ती धर्मोपदेशकहि होता. सूक्ष्मदर्शकाखालीं त्याला एक उभा दांडा, त्याच्या माथ्यावर गोळा, आणि गोळ्यावर मण्यांच्या माळांप्रमाणें लागलेले बीजाणू दिसले. चर्चमध्यें पवित्र जल शिंपडण्याचें जें उपकरण असतें, त्याच्यावरून त्यानें हें नांव घेतलें. आपल्याकडील गुलाबदाणी डोळ्यांपुढें आणल्यास ही आकृति सहज ध्यानीं येईल.

या वंशांत तीनशेंहून अधिक जाती आहेत. बुरशीला हरितद्रव्य नसल्यामुळें वनस्पतींप्रमाणें तिला स्वतःचें अन्न तयार करतां येत नाहीं. तिचे तंतु पदार्थांत शिरतात, पाचक रस बाहेर सोडतात आणि विरघळलेलें अन्न शोषून घेतात. म्हणजे ती आधीं पचविते आणि मग खाते! तिचे बीजाणू इतके सूक्ष्म कीं एका मिलिमीटरांत दोन-तीनशें ओळीनें मावतील. ते हवेंत सर्वत्र तरंगत असतात. त्यांना प्रतीक्षा असते ती केवळ ओलीची आणि उबेची.

या पाचकशक्तीचा मनुष्यानें मोठा उपयोग करून घेतला आहे. कांद्याच्या सालीवर जी काळी पूड दिसते, ती बहुधा याच वंशांतील नायजर जातीची. ही बुरशी साखरेच्या द्रावणांत वाढविली असतां सायट्रिक आम्ल भरपूर मिळतें, असें १९१७ मध्यें करी या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें दाखविलें. तोंपर्यंत हें आम्ल मुख्यतः इटलींतील लिंबांपासून काढीत. आज सरबतांत आणि जॅममध्यें पडणारें हें आम्ल बहुतेक या बुरशीकडूनच येतें. ओरायझी नांवाच्या दुसऱ्या जातीवर जपानांतील सोयाबीनचा रस्सा आणि तांदळाचें मद्य अवलंबून आहे. रक्तांतील कोलेस्टेरॉल उतरविणारें लोव्हास्टॅटिन हें औषध टेरियस या तिसऱ्या जातीपासून मिळालें.

परंतु याच कुळांत फ्लेव्हस नांवाची एक जाति आहे. १९६० सालीं इंग्लंडमध्यें टर्की जातीचे एक लाखाहून अधिक पक्षी अल्पावधींत मेले. शोध घेतां दोष त्यांना चारलेल्या शेंगदाण्याच्या पेंडींत सांपडला. पेंडीवर वाढलेल्या फ्लेव्हस बुरशीनें एक विष निर्माण केलें होतें. त्याला अफ्लाटॉक्सिन असें नांव मिळालें.

हें संकट पक्ष्यांपुरतेंच राहिलें नाहीं. १९७४ सालीं राजस्थानांतील बांसवाडा आणि गुजराथेंतील पंचमहाल या जिल्ह्यांतील आदिवासी गांवांत काविळीची विलक्षण सांथ आली. रोग्यांचें पोट पाण्यानें फुगे. नोंदलेल्या ३९७ रोग्यांपैकीं १०६ दगावले. घरांतील अन्न खाणारीं कुत्रींहि मेलीं. कारण निघालें तें अवकाळी पावसांत भिजून बुरसलेला मका. गरिबांना तो फेंकून देणें परवडणारें नव्हतें.

या विषाचा खरा धोका असा कीं बुरा दिसेनासा झाला तरी विष दाण्यांत उरतें. भाकरी भाजल्यानें किंवा डाळ शिजविल्यानें तें पुरतें नष्ट होत नाहीं. थोडथोडें परंतु वर्षानुवर्षें पोटांत गेल्यास यकृताचा कर्करोग होण्याचा संभव वाढतो. ज्यांना ‘ब’ प्रकारची कावीळ जडलेली आहे, त्यांना हा धोका कैक पटींनीं अधिक. बुरसलेली पेंड गाईला चारली तर विषाचा अंश दुधांत उतरतो, आणि दूध उकळून तो जात नाहीं. म्हणून भारतांत धान्यांत किलोमागें १५ मायक्रोग्रॅम आणि दुधांत ०.५ मायक्रोग्रॅम अशी कमाल मर्यादा ठरविलेली आहे.

फ्युमिगेटस नांवाची आणखी एक जाति श्वासावाटे त्रास देते. निरोगी मनुष्य तिचे बीजाणू रोज हुंगतो आणि त्याला कांहीं होत नाहीं; परंतु दमेकऱ्यांना आणि क्षयानें फुप्फुसांत पोकळी पडलेल्यांना ती जाचते. अशांनीं बुरसलेलें धान्य किंवा चारा झाडण्याचें काम दुसऱ्यावर सोंपवावें.

गृहिणीच्या हातीं उपाय थोडे, पण खात्रीचे आहेत. शेंगदाणे अख्खे घ्यावे आणि कूट घरीं करावें. विकतच्या कुटांत वाईट दाणा ओळखूं येत नाहीं. सुरकुतलेले, डागाळलेले दाणे निवडून टाकावे. कडू लागलेला दाणा गिळूं नये. कांद्याची काळी साल काढून कांदा धुवून घेतल्यास चालतो. बुरसलेला मका किंवा शेंगदाणा मात्र धुवून चालत नाहीं. तो गाईला घालूं नये, आणि मोलकरणीच्या ओटींत तर मुळींच टाकूं नये. जें आपल्या मुलांना विष, तें तिच्या मुलांनाहि विषच.

मूळ उपाय मात्र खळ्यांतच आहे. मक्यांतील ओल शेंकडा १२ च्या आणि शेंगांतील ८ च्या आंत आणून साठविल्यास फ्लेव्हसला वाढतां येत नाहीं. वाळविल्यानें धान्याचें वजन घटतें आणि तेवढे पैसे शेतकऱ्याचे कमी होतात. म्हणून घेणाऱ्यानें वाळल्या मालाला दोन पैसे अधिक मोजले पाहिजेत. ओल्या मालाची स्वस्ताई शेवटीं यकृतालाच महाग पडते.