साठ वॅटमागचा भार

खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून टाटांची वीज मुंबईला पोहोचली ती १९१५ साली. पुढे भिवपुरी आणि भिरा ही केंद्रे सुरू झाली, उरणला वायू विद्युत केंद्र उभे राहिले. आजच्या रायगड जिल्ह्याने शंभर वर्षे दुसऱ्यांच्या घरचे दिवे लावले. पण याच जिल्ह्यातल्या घारापुरी बेटावर महावितरणची वीज यायला फेब्रुवारी २०१८ उजाडावा लागला. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्यांसाठी समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकली गेली आणि या कामाला सुमारे २५ कोटी रुपये लागले. तोवर बेटावर संध्याकाळी सात ते दहा जनरेटर चाले आणि दहानंतर काळोख. लेणी पाहायला आलेले पाहुणे संध्याकाळच्या शेवटच्या लाँचने परत जात, त्यामुळे हा काळोख त्यांच्या वाट्याला येत नसे. साधा पिवळा बल्ब बरा की सीएफएल की एलईडी, हा वाद आपण एरवी दुकानाच्या काउंटरवर, किमतीची पट्टी लावून घालतो. तो घालायची खरी जागा घारापुरीचा जनरेटर ही आहे. दिव्याची किंमत त्याच्या खोक्यावर नसते. त्याच्यामागे किती मोठी यंत्रणा उभी करावी लागते, त्यावर ती ठरते.

साध्या बल्बची रचना इतकी सरळ आहे की तिच्यात लपवण्यासारखे काही नाही. काचेच्या गोळ्यात टंगस्टनची केसाहून बारीक तार दुहेरी वेटोळी करून बसवलेली असते. तारेतून वीज वाहू लागली की ती सुमारे २५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तापल्यामुळे उजळते. टंगस्टन वितळतो ३४२२ अंशांना, म्हणून हे त्यालाच झेपते. तारेची वाफ कमी व्हावी म्हणून आत आर्गॉनसारखा निष्क्रिय वायू भरतात. तरीही टंगस्टनचे कण उडतच राहतात आणि जुन्या बल्बच्या काचेवर आतून जो काळपट डाग दिसतो, तो याच उडालेल्या तारेचा. बल्ब बहुधा जातो तो बटण दाबताक्षणी, कारण थंड तारेचा रोध फार कमी असतो आणि पहिल्या क्षणी तिच्यातून नेहमीच्या दहापटीहून जास्त प्रवाह धावतो. झिजून बारीक झालेली जागा तिथेच तुटते. तार जास्त तापवली तर उजेड वाढतो, पण आयुष्य घटते. या ओढाताणीत कारखान्यांनी साधारण हजार तासांचे आयुष्य पत्करले. साठ वॅटचा बल्ब सुमारे ७०० ल्यूमेन उजेड देतो आणि घेतलेल्या विजेपैकी जेमतेम पाच टक्के डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात उतरतात. उरलेली सगळी उष्णता. म्हणजे हे यंत्र मुळात शेगडी आहे, उजेड हे तिचे जोड-उत्पन्न.

आता जनरेटरचा हिशेब मांडू. बेटावर साधारण दोनशे घरे. प्रत्येक घरात साठचे चार बल्ब एकदम पेटले असे धरले, तर भार होतो ४८ किलोवॅट. तीन तासांचे १४४ युनिट. डिझेल जनरेटर लिटरमागे तीन-साडेतीन युनिट देतो, तेव्हा रोज चाळीस-पंचेचाळीस लिटर डिझेल, तेही बोटीने आणलेले. लिटरभर डिझेलमधली जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा विजेत उतरते आणि त्या विजेतली पाच टक्के उजेडात. शंभर भागांतले दीड-दोन भाग घराच्या भिंतीवर पडतात. बल्बांच्या जागी नऊ वॅटचे एलईडी धरले तर तोच भार ७.२ किलोवॅटवर येतो आणि डिझेल सात लिटरच्या आसपास. हे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, पण त्यांतले प्रमाण खरे आहे. जनरेटर तीनच तास का चालायचा, याचे उत्तर बेटाच्या दूरपणात जितके आहे तितकेच दिव्याच्या भुकेत आहे.

मधला टप्पा सीएफएलचा. तो वॅटमागे ५०-६० ल्यूमेन देई, साध्या बल्बच्या चौपट. पण पूर्ण उजळायला वेळ घेई आणि फुटला की आतला तीन-पाच मिलिग्रॅम पारा बाहेर. ज्या बेटावरचा कचराही होडीने न्यावा लागतो, तिथे हा सौदा अडचणीचाच. निळा एलईडी साधल्यावर पांढरा उजेड स्वस्तात शक्य झाला. त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. भारतात उजाला योजनेच्या ठोक खरेदीत एलईडी बल्ब ३१० रुपयांवरून दोन-तीन वर्षांत चाळिशीच्या आत आला. पंधरा हजार तासांत साठचा बल्ब ९०० युनिट खातो, नऊचा एलईडी १३५. युनिटला सहा रुपये धरले तरी फरक साडेचार हजारांच्या वर जातो.

यावर पहिला आक्षेप अनुभवातून येतो. किनाऱ्यावरची खारी हवा, पावसाळ्यातल्या विजा, वरखाली होणारे व्होल्टेज यांत स्वस्त एलईडी वर्षभरात जातात. साधा बल्ब बिचारा काहीही सोसतो, असे म्हणतात. पहिला भाग खरा आहे. एलईडीचा दाणा सहसा जात नाही, जाते ते बुडातले इलेक्ट्रॉनिक सर्किट, आणि बंद डब्यासारख्या फिटिंगमध्ये तापले की ते लवकर जाते. दुसरा भाग मात्र खरा नाही. व्होल्टेज २३० वरून २०० वर आले की साध्या बल्बचा उजेड साठ-पासष्ट टक्क्यांवर येतो, वीज मात्र ऐंशी टक्के खर्च होतच राहते. उलट व्होल्टेज दहा टक्के वाढले की आयुष्य तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली घसरते. बरा एलईडी या साऱ्या चढउतारांत एकसारखा जळतो. आणि तो तीनच हजार तास टिकला असे मानले, तरी तेवढ्यात दीडशे युनिट वाचवून आपली किंमत कितीतरी वेळा फेडतो. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि विजेचे खांब आडवे झाले, तेव्हा ज्यांच्याकडे इन्व्हर्टर होता त्यांच्यापुढे हाच हिशेब होता: १२०० वॅट-तास वापरता येतील अशा बॅटरीवर साठचे चार बल्ब फार तर पाच तास, नऊचे चार एलईडी इन्व्हर्टरची घट धरूनही दिवसभराहून जास्त.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तापलेल्या तारेच्या प्रकाशात सगळे रंग सलग असतात, म्हणून वस्तू जशी आहे तशी दिसते. सर्वसाधारण एलईडीचा रंगदर्शकांक, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ८० च्या आसपास असतो आणि त्यात गडद लाल रंग कमी पडतो. संध्याकाळी मासळी बाजारात बांगड्याचा कल्ला उचलून पाहणाऱ्या बाईला लालभडक आणि तपकिरी यांतला फरक दिसला पाहिजे, नाहीतर शिळा मासा ताजा म्हणून गळ्यात पडतो. इथे उणे एलईडीचे आहे हे मान्यच. पण त्यावर तोड आहे: नव्वदच्या वर रंगदर्शकांक असलेला, पिवळसर छटेचा एलईडी मिळतो, थोडा महाग. वॅट आणि किंमत पाहून दिवा घेणारे गिऱ्हाईक खोक्यावरचा हा आकडा वाचत नाही, एवढेच.

जिथे उष्णताच हवी असते, तिथे मात्र साध्या बल्बला नावे ठेवता येत नाहीत. कोंबडीच्या पिल्लांना ऊब देणारा पिवळा बल्ब किंवा पावसाळी हवेत गणेशमूर्ती सुकवायला लावलेला हॅलोजन वीज वाया घालवत नाही. ज्या उष्णतेला एरवी आपण तोटा म्हणतो, तीच तिथे काम असते. घामाने भिजवणाऱ्या कोकणातल्या माजघरात तोच बल्ब दुहेरी भुर्दंड ठरतो: आधी उष्णता विकत घ्यायची, मग पंख्याने ती घालवायची.

तिसरा आक्षेप किनाऱ्यावरचे कोळी घेतात आणि तो सर्वांत मोलाचा आहे. प्रखर दिवे पाण्यावर सोडून मासळी गोळा करायची आणि पर्ससीन जाळ्याने उचलायची, ही एलईडी मासेमारी पारंपरिक मच्छिमाराच्या पोटावर आली. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली, राज्याने २०२१ मध्ये दंड वाढवले, तरी तक्रारी थांबल्या नाहीत. थोड्या विजेत लख्ख उजेड मिळू लागला, तसा समुद्रावर तो उधळणेही परवडू लागले. उजेड स्वस्त झाला की माणूस वाचवत नाही, जास्त जाळतो, असा याचा अर्थ. यातून एलईडी वाईट ठरत नाही. पण दिवा बदलला की बचत आपोआप होते, ही समजूत चूक ठरते. बचत होते ती वाचलेल्या वॅटचे काय करायचे हे ठरवले तर.

घारापुरीत त्या वॅटला काम मिळू शकते. केबलने आणलेली वीज दिव्यांनी खाऊन टाकली नाही, तर फ्रिजला, पाण्याच्या पंपाला, शाळेतल्या संगणकाला उरते. साध्या बल्बने शतकभर प्रामाणिकपणे काम केले, यात वाद नाही. पण त्याचा साधेपणा त्याच्या स्वतःपुरता होता. डिझेल, होडी, केबल आणि धरण यांचा पसारा त्याने दुसऱ्याच्या माथी मारला. तो पसारा हिशेबात धरला की उजेडासाठी एलईडी आणि उबेसाठी बल्ब, याहून वेगळे उत्तर निघत नाही.