विश्लेषण : हळद आतड्याची सूज खरोखर उतरवते का?

शौचावाटे रक्त पडणे, दिवसातून अनेकदा शौचाला धावावे लागणे, काही महिने बरे वाटून पुन्हा त्रास उलटणे... अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांना हे चक्र नवे नाही. गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात. त्यामुळे हळदीच्या दुधाने आतडी बरी होतात, असा संदेश मोबाइलवर आला की गोळ्या बंद करण्याचा मोह होतो. या दाव्यात तथ्य किती?

चाचण्यांत काय आढळले?

हळदीतील पिवळा घटक म्हणजे कर्क्युमिन. पेशींमध्ये सूज वाढवणारे संदेश तो रोखतो. जपानमध्ये 2006 साली आजार आटोक्यात असलेल्या 89 रुग्णांवर चाचणी झाली. नेहमीच्या औषधासोबत रोज 2 ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्यांपैकी सहा महिन्यांत सुमारे 5 टक्क्यांचा आजार उलटला; नुसती दिसायला सारखी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 20 टक्के होते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत मेसालामाइन घेऊनही आराम न पडलेले 50 रुग्ण होते. त्यांच्यापैकी मेसालामाइनला रोज 3 ग्रॅम कर्क्युमिनची जोड मिळालेल्या 26 पैकी 14 जणांचा आजार महिनाभरात शमला. उरलेल्या 24 जणांत एकाचाही नाही.

आकडे उत्साह वाढवणारे आहेत, पण रुग्ण मोजकेच. शिवाय दोन्हीकडे मूळ औषध सुरूच होते, हे संदेशात कधी लिहिलेले नसते.

मग स्वयंपाकघरातली हळद का नाही?

हिशेब करून पाहा. हळद पुडीत कर्क्युमिन व त्याची भावंडे मिळून साधारण 2 ते 5 टक्के. म्हणजे 3 ग्रॅम मिळवायला रोज 100 ग्रॅमच्या आसपास हळद खावी लागेल! दुधातल्या चमचाभर हळदीतून मिळते ते साधारण शे-दीडशे मिलिग्रॅमांच्या घरात. दिल्लीच्या 'एम्स'मधील चाचणीत 62 रुग्णांवर रोज 450 मिलिग्रॅमची मात्रा तपासली गेली. 2017 मध्ये निष्कर्ष आला, फायदा नाही.

जास्त परिणाम, जास्त धोका?

निळीच्या झाडांपासून बनणारी, चिनी वैद्यकातली एक भुकटी याहून प्रभावी ठरली. जपानमधील 86 रुग्णांच्या चाचणीत आठ आठवड्यांत मात्रेनुसार 70 ते 81 टक्के जणांना गुण आला; औषध नसलेल्या गटात सुमारे 14 टक्क्यांना. तरीही चाचणी मध्येच थांबवावी लागली. कारण चाचणीबाहेर, स्वतः विकत आणून ही भुकटी सहा महिने घेणाऱ्या एका रुग्णाच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतील दाब धोकादायक वाढल्याचे समोर आले.

मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सूलचे काय?

कर्क्युमिन रक्तात फारसे शोषले जात नाही. मोठ्या आतड्याच्या आजारात हीच त्याची जमेची बाजू, कारण ते जिथे हवे तिथपर्यंत पोहोचते. मिरीतील पायपरीन मात्र शोषण वाढवते, मग यकृताशीही त्याची गाठ पडते. अमेरिकेतील यकृततज्ज्ञांच्या गटाने 2022 मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेले 10 रुग्ण नोंदवले. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, एकाचा मृत्यू झाला. तपासलेल्या सात उत्पादनांपैकी तिघांत पायपरीन सापडले.

अशी कॅप्सूल घेत असाल, तर पोटविकारतज्ज्ञांना तिचे वेष्टनच दाखवा. लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर ती लगेच थांबवून यकृताची तपासणी करून घ्यावी. मेसालामाइन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये.