चूर्णाचा दगड आणि झाकणाचा हिशेब

चरकसंहितेच्या कल्पस्थानातील पहिल्याच अध्यायात औषधी द्रव्यांच्या साठवणीचा विचार आला आहे. द्रव्ये योग्य पात्रांत भरावीत, ती नीट झाकावीत, शिंक्यावर टांगावीत. भांडारगृहाचे द्वार पूर्वेस वा उत्तरेस असावे. अग्नी, जल, बाष्प, धूम, धूळ, उंदीर आणि चतुष्पाद प्राणी यांची बाधा तेथे पोहोचू नये, असा तो उपदेश आहे. आपण वैद्य मंडळी हा भाग विद्यार्थिदशेत पाठ करतो आणि पुढे रसशाळा काढली की बाटली व झाकण यांची खरेदी हिशेबनिसाच्या हाती सोपवून मोकळे होतो. प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नव्हता.

काही वर्षांपूर्वी ऐन आषाढात कोकणातील एका वैद्यमित्राचा दूरध्वनी आला. आमच्या रसशाळेचे लवणभास्कर चूर्ण त्यांच्या रुग्णांच्या हाती दगड होऊन पडत होते. लवणांमुळे हे चूर्ण मुळातच ओलावा खेचणारे, हे खरे. तरीही तीच घाणी पुण्यात व्यवस्थित होती. मी तडक डबे बनविणाऱ्या कारखानदारास दोष दिला व पुढील देयक थांबविले. त्याने वाद घातला नाही. औद्योगिक वसाहतीतील आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये मला बोलावून त्याने माझाच डबा माझ्यासमोर ठेवला. डबा त्याचा होता, झाकण मात्र दुसऱ्याच ठिकाणचे होते. नगामागे काही पैसे वाचतात म्हणून आमच्याच खरेदी विभागाने ते परस्पर घेतले होते. दोहोंचे आटे जुळत नव्हते. झाकण घट्ट बसल्यासारखे वाटे, पण आतील चकती डब्याच्या काठावर सर्व बाजूंनी टेकत नसे. पुण्याच्या हवेत ते खपून गेले, कोकणच्या पावसाने पकडले. थांबविलेले देयक मी त्याच दिवशी चुकते केले. त्या भेटीत जे ऐकले, त्यातील बरेचसे येथे लिहीत आहे.

शार्ङ्गधराने चूर्णाची सवीर्यता दोन मास सांगितली आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत 2009 साली 161-ब हा नियम आला, 2016 साली त्यात सुधारणा झाली आणि चूर्णास आज दोन वर्षांची मुदत आहे. म्हणजे ग्रंथोक्त कालाच्या बारापट. वैद्य समोर बसून पुडी बांधून देत असे, तेव्हा दोन मास पुरत होते. आज तेच चूर्ण गोदाम, मालमोटार, घाऊक विक्रेता आणि दुकानाची फळी असा प्रवास करते. मधल्या बावीस महिन्यांची जबाबदारी प्रत्यक्षात डबा व झाकण यांच्यावर येऊन पडते. ते बनविणाऱ्यास आपण ही गोष्ट कधी सांगतो काय? आपल्या मागणीपत्रात आकारमान, रंग आणि दर एवढेच असते. आत काय भरणार, याचा उल्लेख नसतो.

वस्तुतः आतील द्रव्याप्रमाणे पात्र बदलते. हिंग्वष्टक चूर्ण साध्या पॉलिथिनच्या पिशवीत भरून कपाटात ठेवावे. चार दिवसांत संपूर्ण कपाटास हिंगाचा वास लागतो. जो वास कपाटास लागला तो चूर्णातून गेला, हे सांगावयास नको. जाड पांढऱ्या प्लॅस्टिकचा, म्हणजे एचडीपीईचा डबा ओलावा चांगला अडवितो, परंतु सुगंधी तेले व प्राणवायू त्यातून हळूहळू आरपार जातात. यवक्षार हवेतील पाणी शोषून ओलसर होतो आणि पत्र्याच्या झाकणास गंज चढवितो. सिद्ध तैलास प्रकाश व हवा दोन्ही नकोत. घृत वैशाखात वितळते आणि आडव्या पडलेल्या बरणीतून वाट काढून खोक्यांवर उतरते.

आसवारिष्टांची गोष्ट याहून नाजूक आहे. संधान पूर्ण होण्यापूर्वी बाटल्या भरल्या, तर आत वायू तयार होत राहतो. पेटची बाटली फुगते. काचेची असेल तर बूच उडते, क्वचित बाटलीही फुटते. अशा वेळी बाटलीवाल्याकडे तक्रार जाते. जळती काडी संधानपात्रात धरून पाहण्याची जुनी परीक्षा कोणी केली होती की नाही, हे मात्र विचारले जात नाही. (आमच्याकडेही एकदा नव्हती केली.)

काचेच्या धंद्याचे गणित आपल्याला बहुधा ठाऊक नसते. काचेची भट्टी सुमारे 1500 अंश सेल्सिअसवर रात्रंदिवस चालते. रविवारी बंद ठेवून सोमवारी पेटवावी अशी ती वस्तू नव्हे. तपकिरी रंग बाटलीवर वरून चढवीत नाहीत. लोह, गंधक व कार्बन यांच्या योगाने तो काचरसातच तयार होतो. म्हणून एकदा तपकिरी काच वितळविली की लाखोंच्या संख्येने बाटल्या काढाव्या लागतात. अशा कारखान्यापुढे आपण पाच हजार बाटल्यांची मागणी ठेवतो. त्यातही 200 मिलीची बाटली अमक्या घाटाची, 450 मिलीची तमक्या घाटाची. मोठा कारखाना नम्रपणे नकार देतो. मग आपण मध्यस्थाकडे जातो. तो निरनिराळ्या कारखान्यांचा उरलेला माल एकत्र करून देतो, आणि एकाच पोत्यातील बाटल्यांच्या तोंडांत सूतभर फरक निघतो. बूच बसविणारे यंत्र एका मापावर लावलेले असते. काही बाटल्या गळतात, काहींच्या माना तडकतात.

छापील पाकिटांचेही तेच. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र छपाईचा रूळ कोरावा लागतो आणि एका खेपेस शेकडो किलो पट्टा छापल्याशिवाय तो खर्च निघत नाही. पुढे पत्ता बदलला, परवाना क्रमांक बदलला वा घटकद्रव्यांच्या यादीत दुरुस्ती आली की उरलेला पट्टा भंगारात जातो.

नियमांची अनिश्चितता लहान आवेष्टन-उत्पादकास सर्वाधिक जाचते. 2014 च्या सप्टेंबरमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने बालके, वृद्ध, गर्भवती व प्रजननक्षम वयाच्या स्त्रिया यांच्यासाठीच्या तोंडावाटे घ्यावयाच्या द्रव औषधांकरिता पेट व प्लॅस्टिकच्या बाटल्यांस बंदी करणारा मसुदा प्रसिद्ध केला. पुढे डॉ. एम. के. भान यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हा विषय तपासला, आणि त्या मसुद्याचा अंतिम नियम झाला नाही. पण मधल्या काळात कर्ज काढून नवे यंत्र घ्यावे की थांबावे, या विवंचनेत असलेल्या कारखानदाराने काय करावे? महाराष्ट्रात 2018 ची प्लॅस्टिकबंदी आली, तेव्हा औषधांच्या आवेष्टनास सूट होती. तरी ती सूट आपल्याला लागू आहे, हे दारात आलेल्या अधिकाऱ्यास पटवून देण्याचे काम उरलेच. 2022 पासून प्लॅस्टिक आवेष्टनाचा कचरा परत गोळा करण्याच्या जबाबदारीचे नवे नियम आले आहेत. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या ढिगात औषधांचे डबे आपण सर्वच पाहतो, त्यामुळे या नियमांविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांचे कागदपत्र सांभाळण्यास दहा कामगारांच्या कारखान्यात वेगळा माणूस नसतो, एवढेच.

कराचीही एक गाठ आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून औषधांवरील वस्तू व सेवा कर 5 टक्के झाला. बाटली व प्लॅस्टिकचा डबा मात्र 18 टक्क्यांतच राहिला. खरेदीवर भरलेला जादा कर परत मागत बसावे लागते आणि तोवर लहान रसशाळेचा पैसा अडकतो. तो अडकला की पहिला बळी बाटलीवाल्याच्या देयकाचा. तीन-तीन महिने पैसे थकविण्याची आपली जुनी रीत आता महागात पडू शकते. सूक्ष्म व लघु उत्पादकाचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागते. मुदत टळली तर रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरात त्या खर्चाची वजावट मिळत नाही. कायदा बाजूस ठेवला, तरी थकलेला कारखानदार स्वस्त दाण्यात पुनर्वापराचा दाणा मिसळण्याच्या मोहात पडतो आणि तो डबा शेवटी आपल्याच रुग्णाच्या घरी जातो.

यावर मला दिसणारा मार्ग साधा आहे. एका जिल्ह्यातील आठ-दहा रसशाळांनी 200 व 450 मिलीची एकच बाटली, एकच बूच आणि चूर्णाचा एकच डबा झाकणासह ठरवावा. वेगळेपण काय ते चिठ्ठीवर दाखवावे. दशमूलारिष्ट घेणारा रुग्ण बाटलीचा घाट पाहून येत नाही. एकत्रित मागणी गेली की कारखाना साचा जपतो, मापे लेखी देतो, नमुने राखून ठेवतो. शंका असलेले आवेष्टन मुंबईच्या भारतीय पॅकेजिंग संस्थेकडून तपासून घेता येते. तो खर्च दहा जणांत वाटला की जाणवत नाही.

तोवर निदान एवढे करावे. नवा माल आला की पोत्यातून कोठूनही दहा बाटल्या उचलाव्यात, रंगीत पाणी भरून बूच लावावे आणि शुभ्र कागदावर रात्रभर आडव्या ठेवाव्यात. आमच्याकडे गेल्या खेपेस दहांपैकी दोन कागदांवर डाग पडले. पोती परत गेली, आणि कारखानदाराने आठवड्यात बदलून दिली.