पायाची धूळ आणि आकाशपाळणा

दिवाळीचा फराळ डब्यांत भरून होतो न होतो, तोच घरोघरी दुसरी खलबते सुरू होतात. भाऊबीज आटोपली की कुठे जायचे, गाडी कोणती, मुक्काम किती दिवसांचा! मुले नकाशा उघडून बसतात आणि वडीलधारी माणसे कागद-पेन्सिल घेऊन. या कागदावर हल्ली एक प्रश्न हमखास येतो. मुलांनी ज्या थीम पार्कचा वर्षभर ध्यास घेतलेला असतो, तिथे उतरल्या दिवशीच जावे, की एक रात्र विसावा घेऊन दुसऱ्या दिवशी?

प्रश्न दिसायला किरकोळ आहे. पण मी त्याचे चुकीचे उत्तर एकदा मोठ्या आत्मविश्वासाने दिले आणि ते घरातल्या सगळ्यांना भोगावे लागले. माझ्या त्या फजितीतून वाचकांपैकी कुणाचे भले झाले, तर तेवढेच पुण्य पदरात पडेल, म्हणून ही हकीकत.

माझा बिनचूक हिशेब

आम्ही यावलचे. जळगाव जिल्ह्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे हे तालुक्याचे गाव. गावात महर्षी व्यासांचे मंदिर, निंबाळकरांचा जुना किल्ला आणि चहूकडे केळीच्या बागा. गुरुपौर्णिमेला व्यासांच्या दर्शनाची गर्दी, पावसाळ्यात मनुदेवीचा धबधबा. आमच्या मुलांची करमणूक एवढीच. आगगाडी धरायची तर तापी ओलांडून भुसावळला जावे लागते आणि तिथून मुंबई साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. मुंबई-पुण्याच्या मुलांना थीम पार्क म्हणजे रविवारची सहल. आमच्या मुलांना ती एक मोहीमच.

आमच्या लहानपणी गोराईचे एस्सेलवर्ल्ड हे मोठे आकर्षण होते. ते 1989 साली निघाले. पुढे 2013 साली खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले आणि आमच्या मुलांनी तेच डोक्यात घेतले. थोरली तेव्हा सातवीत होती, धाकटा तिसरीत. थोरलीने तिथल्या ‘नायट्रो’ नावाच्या झुकगाडीची सगळी माहिती तोंडपाठ केली होती: उंची 132 फूट, वेग ताशी 105 किलोमीटर, पायांखाली फळीच नाही!

माझ्या आईचे म्हणणे वेगळेच. ती त्या वेळी एकाहत्तर वर्षांची होती. तिला कळले की हे पार्क खोपोली-पाली रस्त्यावर आहे, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “मंग बल्लायेश्वर जवयच आला.” अष्टविनायकांपैकी पालीचे दर्शन तिचे राहून गेले होते.

मी कागद पुढे ओढला. 2018 सालचा मे महिना. भुसावळहून रात्रीची गाडी, पहाटे कल्याण, तिथून लोकलने खोपोली, लॉजवर सामान टाकायचे आणि थेट पार्कच्या दारात! दुसऱ्या दिवशी पाली आणि रात्रीच्या गाडीने परत. एका रात्रीचे भाडे वाचत होते. माझा मलाच अभिमान वाटला आणि मी त्या तारखेची पाच तिकिटे दोन आठवडे आधीच काढून मोकळा झालो.

आईला बेत ऐकवला, तेव्हा ती दशम्यांची कणीक दुधात भिजवत होती. हात न थांबवता म्हणाली, “अरे, आल्या आल्या कुठी पयतो? पायाची धूय त झटकू दे.”

“आई म्हणतात ते खोटं नाही हं,” सौभाग्यवतीनेही पुस्ती जोडली. पण हिशेब माझ्या बाजूने होता. मी म्हणालो, “गाडीत झोपायचंच तर आहे!”

गाडीतली झोप

गाडीला दोष देण्याची सोय नाही. ती अगदी वेळेवर आली आणि वेळेवर पोचली. झोपायचे काम मात्र कुणीच केले नाही. धाकटा मनमाड येईपर्यंत खिडकीला नाक लावून बसला होता. थोरली उत्साहाने कूस बदलत राहिली. आईने ट्रंकेवर हात ठेवून सबंध रात्र राखण केली. इगतपुरीला मी उठून चहा घेतला, तो झोप उडावी म्हणून नव्हे, तर झोप लागलीच नव्हती म्हणून.

खोपोलीला खोली दुपारी बारानंतर मिळणार होती. सामान ठेवले, तोंडावर पाणी मारले, घाईघाईने वडापाव खाल्ले आणि दार उघडण्याच्या वेळेला आम्ही पार्कसमोर हजर!

पहिला तास मोठ्या आनंदात गेला. मग उन्हाने गाठले. आम्हा जळगावकरांना उन्हाचे काय कौतुक? मे महिन्यात पंचेचाळीस अंश आम्ही दरवर्षी काढतो. पण आमची हवा कोरडी. घाम येतो, वाळतो आणि अंग गार करून जातो. कोकणच्या पायथ्याशी पारा खाली असला, तरी हवेत दमटपणा इतका की घाम वाळतच नाही आणि अंगाची उष्णता अंगातच राहते. ही गोष्ट शाळेत शिकलो होतो. हिशेबात धरायला विसरलो.

समोर पडदा आणि हलणाऱ्या खुर्च्या अशा एका खेळातून धाकटा बाहेर आला, तो पांढराफटक होऊन. सकाळचे वडे त्याने तिथेच परत केले. सौभाग्यवती त्याला घेऊन सावलीत बसली. आई आधीपासूनच एका बाकावर बसली होती. पाण्याची बाटली तिने दोन्ही मुलांना पाजली. स्वतः मात्र घोटभरच घेतले. परक्या ठिकाणी वारंवार उठावे लागू नये म्हणून आपल्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, हे मला ठाऊक असायला हवे होते. तिचे पाय सुजून चपलेत मावेनासे झाले होते. तेही मी पाहिले नाही, कारण मी थोरलीबरोबर नायट्रोच्या रांगेत उभा होतो.

रांग लांबलचक. थोरलीचे डोळे मिटत होते. आमची पाळी जवळ आली, तशी तिने माझा हात धरला आणि हळूच विचारले, “बाबा, उद्या येऊ या का?”

जिने वर्षभर त्या झुकगाडीचे आकडे घोकले, ती हे विचारत होती. तिकीट आजचेच आहे, हे मी तिला सांगितले. ती काही बोलली नाही. आम्ही रांगेतून बाहेर पडलो.

चारच्या सुमारास आईला घेरी आली. खोपोलीला डॉक्टरांना दाखवले. अंगातले पाणी कमी झाले होते. मीठ-साखरेचे पाणी आणि पूर्ण विश्रांती, दुसऱ्या दिवशी खोलीबाहेर पडायचे नाही, असे त्यांनी बजावले. पाली राहिली. मी तोंड पाडून बसलो होतो, तेव्हा आईच माझी समजूत घालू लागली, “गनपती काही पयून नही जात रे.”

शरीराचे म्हणणे

घरी आल्यावर मी या विषयाचे थोडेफार वाचन केले. आपल्या कानाच्या आत, खोलवर, तोल सांभाळणारी यंत्रणा असते. डोळे सांगतात “आपण धावतो आहोत” आणि कान सांगतो “आपण बसलो आहोत”, अशी साक्षीपुराव्यात विसंगती आली की मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळू लागते. झोप अपुरी असली की हा त्रास वाढतो. म्हणजे धाकट्याच्या ओकारीला खेळ कारण नव्हता. बापाचे वेळापत्रक होते.

दुसरी गोष्ट आणखी नवलाची. परक्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हा आपला सर्वांचा अनुभव. 2016 साली अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की अशा पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्याइतका गाढ झोपतच नाही. तो जणू पहाऱ्यावर असतो. आमची आई ट्रंकेवर हात ठेवून जागली, ते उगाच नव्हे! म्हणजे बिछान्यात रात्र काढूनही माणूस दुसऱ्या दिवशी सोळा आणे ताजातवाना नसतो. मग गाडीत रात्र काढणाऱ्याची काय कथा?

आणि आमच्या आजीपणजीने हे सगळे प्रयोगशाळेवाचून ओळखले होते. पाहुणा दारात आला की आधी पायावर पाणी, मग गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या. गावच्या यात्रेला आलेली माहेरवाशीणसुद्धा आधी ओसरीवर टेकायची. पाहुण्याला विसावा द्यायचा, हे आपण जाणतो. आपणच पाहुणे झालो की तो स्वतःला द्यायला विसरतो.

बाकावरून निघालेली कल्पना

आईच्या त्या बाकावरून एक गोष्ट आठवली. वॉल्ट डिस्ने सांगत असे की तो लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये बाकावर बसून आपल्या मुलींना लाकडी घोड्यांच्या चक्रावर फिरताना पाहायचा. तेव्हा त्याच्या मनात आले, मुले खेळतात आणि आईबापांनी नुसते बसून राहायचे, असे का? दोघांना मिळून मजा करता येईल अशी जागा का नसावी? त्यातून डिस्नेलँड उभे राहिले. म्हणजे या साऱ्या बागांचे मूळ हेतूच मुळी घरातल्या सगळ्यांनी एकत्र आनंद घ्यावा हा. एकजण बाकावर घेरी येऊन बसला असेल, तर तिकिटाचे पैसे वसूल झाले असे कसे म्हणावे?

गंमत अशी की त्या डिस्नेलँडचा स्वतःचा पहिला दिवससुद्धा घाईनेच बिघडला. 17 जुलै 1955 रोजी उद्‌घाटन झाले. कडक ऊन, बनावट तिकिटांवर घुसलेली गर्दी, नळकारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याची टंचाई, आणि नुकतेच केलेले डांबर इतके मऊ की बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या! तारीख गाठायची म्हणून धावलो की डिस्नेलाही सुटका नाही, तिथे आमची काय पत्रास?

दुसरा हिशेब

2019 सालच्या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी कागद सौभाग्यवतीकडे होता. दिवसाची गाडी. संध्याकाळी खोपोली. सामान टाकून सावकाश चहा घेतला आणि जवळच असलेल्या महडच्या वरदविनायकाचे दर्शन घेतले. रात्री बरोबर आणलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी, आणि नऊला दिवे बंद. धाकटा दहा मिनिटे कुरकुरला. अकराव्या मिनिटाला घोरत होता.

दुसऱ्या दिवशी दार उघडण्याआधी पोचलो. तिकिटे दिवसभराची असतात, पण रांगा सकाळी तोकड्या आणि दुपारी लांब. पहिल्याच तासात थोरली नायट्रोवर बसून आली. खाली उतरली, तेव्हा केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी, आणि तोंडातून शब्द नाही! मग एकदम म्हणाली, “पुन्हा!”

दुपारच्या उन्हात आम्ही छपराखालचे खेळ पाहिले आणि आईच्या हाती दर तासाला पाण्याचा पेला दिला. राजासॉरस नावाच्या प्राण्याच्या खेळातून धाकटा धावतच आजीकडे आला. हा प्राणी खरोखरच आपल्या देशात होऊन गेला, त्याची हाडे गुजरातेत सापडली आणि 2003 साली नर्मदेवरून त्याचे नाव ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ ठेवले गेले, हे त्याने तिला समजावून सांगितले.

“नर्मदा? म्हंजे आपल्या सातपुड्याच्या पलीकडची?” आईने विचारले. “मंग तो त आपला सोयराच झाला!”

तिसऱ्या दिवशी पाली. आई बल्लाळेश्वरासमोर बराच वेळ हात जोडून उभी राहिली. मी घड्याळ पाहिले नाही.

आता हिशेबाचे सांगतो. आदल्या रात्रीच्या खोलीचे भाडे आमच्या पाच तिकिटांच्या निम्मेही झाले नाही. ते वाचवायला गेलो, तेव्हा पाचही तिकिटे पाण्यात गेली होती. डॉक्टरांचे पैसे वेगळे.

अर्थात हा नियम सर्वांना सरसकट लागू नाही. पुण्या-मुंबईची मंडळी सकाळी निघून संध्याकाळी घरी येतील. बरोबर सगळी तरुण मंडळी असेल, रात्रीची झोप पुरी झाली असेल, तर खुशाल जावे. पण रात्रभर प्रवास, बरोबर लहान मूल किंवा वयस्क माणूस, आणि उन्हाळा, यांतल्या दोन गोष्टी जरी असल्या, तरी त्या तारखेचे तिकीट काढू नये. उतरल्या दिवशी मुलांना काहीच दाखवायचे नाही असेही नाही. एखादे देऊळ, नदीकाठ, गावचा बाजार. जिथे रांग नाही, तिकीट नाही आणि कंटाळा आला तर उठून परत येता येते, असे काहीतरी पाहावे. मुलांची हौस एका रात्रीने शिळी होत नाही. उलट ती रात्रभर मुरते.

तेव्हा वाचकहो, या सुट्टीत जिथे जाल तिथे सुखाने जा. पण पोचलात की आधी पायाची धूळ झटका, गूळ-पाणी घ्या आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा, “दमलीस का गं?” आमची आई आजही पालीचा विषय निघाला की हसते आणि पाहुण्यांना सांगते, “ह्यानं मले दोनदा नेलं. पह्यल्या खेपीले पयवलं, दुसऱ्या खेपीले पोचवलं.”