बोल्डरच्या गुहेतली पोरं

दिवेलागण होऊन जेवणं उरकली, की घरातलं तीन-चार वर्षांचं पोर पेंगायचं सोडून भलतंच उधळायला लागतं, हे तुम्ही पाहिलं असेलच. आई अंथरूण घालते तर हे उशांवरून उड्या मारतं, आजी म्हणते झोपेला आलंय म्हणून वेडाचार करतंय, बाप डोळे वटारतो, आणि शेवटी सगळे मिळून त्याला हट्टी ठरवतात. मी मात्र त्या पोराच्या बाजूनं आहे, आणि ते का हे सांगायला तुम्हाला पार अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डोंगरांच्या पायथ्याशी वसलेल्या बोल्डर गावी न्यायचंय. बसा निवांत.

जाता जाता एक सांगतो. मेंदूच्या ऐन मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी पिनियल नावाची ग्रंथी असते, आणि रात्र होऊ लागली की ती रक्तात मेलाटोनिन सोडते, मग अंगाला कळतं की आता निजायचं. हे द्रव्य सापडलं तेही आडवाटेनंच बरं का. येल विद्यापीठात ॲरन लर्नर नावाचे कातडीचे डॉक्टर होते. त्यांना त्वचेच्या रंगाचं कोडं सोडवायचं होतं, आणि बेडकाची कातडी फिकी पाडणारा पदार्थ धुंडाळता धुंडाळता, गाईबैलांच्या हजारो पिनियल ग्रंथी वाटून-गाळून, १९५८ साली त्यांच्या हाती हे लागलं.

तर बोल्डरच्या विद्यापीठातल्या लमीस अकासेम आणि मोनिक लेबुर्जोआ यांनी तीन ते पाच वर्षांची १० मुलं निवडली. आधी पाच दिवस त्यांना ठरल्या वेळी निजवलं, आणि सहाव्या दिवशी थेट मुलांच्या घरी जाऊन खिडक्यांना काळं प्लास्टिक लावलं, दिवे मिणमिणते ठेवले, घराची पार गुहा करून टाकली. पोरं त्यात मजेत खेळत राहिली, आणि मधून मधून तोंडात कापसाचा बोळा धरून चघळायची, कारण मेलाटोनिन लाळेतही उतरतं. सातव्या दिवशी संध्याकाळी, निजण्याआधी तासभर, त्यांना खालून लख्ख उजळणाऱ्या टेबलावर चित्रं रंगवायला बसवलं. उजेड होता १,००० लक्स. तेवढ्या एका तासात मेलाटोनिन ८८ टक्क्यांनी खाली आलं! आणि नवल पुढंच आहे: दिवा मालवून ५० मिनिटं उलटली, तरी निम्म्याहून जास्त मुलांत ते अर्ध्यावरही परत आलेलं नव्हतं. म्हणजे आपण दिवा बंद करून ‘झोप आता’ म्हणतो, तेव्हा पोराच्या अंगात अजून दिवसच चाललेला असतो.

ही झाली २०१८ची गोष्ट. पुढं २०२२ साली त्याच प्रयोगशाळेनं मंद उजेडही तपासला, अगदी ५ ते ४० लक्सचा, ज्याला आपण अंधुक म्हणून सोडून देतो. त्यानंही मेलाटोनिन सरासरी ७८ टक्क्यांनी घटलं. लहान पोराच्या डोळ्यातली बाहुली मोठी, आतलं भिंग नितळ, तेव्हा आपल्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड त्याच्या डोळ्यात शिरतो. एकाच दिव्याखाली बसलेल्या आजोबांना आणि नातवाला सारखी संध्याकाळ मिळत नाही ती अशी.

उजेडाच्या जोडीला दुपारची डुलकीही आहेच. जागं राहू तसतसा झोपेचा दाब मेंदूत साठत जातो, आणि लहानग्यांत तो मोठ्यांपेक्षा भराभर चढतो, म्हणून दुपारी त्यांना आडवं व्हावंच लागतं. साधारण तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान ही डुलकी आपोआप सुटते, कुणाची लवकर, कुणाची उशिरा. ती उशिरा आणि लांब झाली तर रात्री पोर टक्क जागं राहतं हे खरं, म्हणून काही घरांत ती घाईनं मोडतात. मला ते पटत नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रेबेका स्पेन्सर यांनी बालवाडीतल्या मुलांना चित्रांच्या जागा लक्षात ठेवायचा खेळ शिकवला, आणि २०१३ साली सांगितलं की दुपारी निजलेल्या पोरांना त्या जागा जास्त आठवल्या. ज्यांना रोज दुपारी निजायची सवय होती त्यांना जागं ठेवलं, तर त्यांचं सगळ्यात जास्त नुकसान झालं, आणि रात्रीची पुरती झोप झाल्यावरही ते भरून निघालं नाही.