विश्लेषण : घरातल्या ज्येष्ठांसाठी टीव्हीचा सोपा रिमोट कसा निवडावा?

संध्याकाळचे सात वाजलेले. माणगाव तालुक्यातल्या कुठल्याही वाडीवरचे घर डोळ्यांसमोर आणा. मुलगा-सून मुंबईला, घरी सत्तरी ओलांडलेली आई एकटी. मालिकेची वेळ झाली आणि पडद्यावर मात्र ‘नो सिग्नल’ एवढीच अक्षरे. मग मुंबईला फोन जातो. लोकलमध्ये उभ्याने मुलगा विचारतो, ‘आई, कुठलं बटण दाबलंस?’ उत्तर ठरलेले असते, ‘मी काहीच नाही दाबलं रे. आपोआप झालं.’

टीव्ही बिघडलेला नसतो. आवाज वाढवताना अंगठा ‘सोर्स’च्या बटणावर गेलेला असतो. टीव्ही सेट-टॉप बॉक्स सोडून भलत्याच जोडणीवर चित्र शोधत बसतो. एका बटणाचे काम, पण ते कोणत्या रिमोटवरचे, कुठल्या रांगेतले, हे दीडशे किलोमीटरवरून फोनवर सांगता येत नाही. असे दोन-तीनदा झाले की आई फोन करणेच सोडते. ‘नाहीतरी काय बघायचं असतं त्यात’ म्हणत टीव्ही बंद ठेवते. दिवसभर घरात माणसाचा आवाज तेवढाच असेल, तर हे नुकसान लहान नाही.

दोन-दोन रिमोट आले कुठून?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा टीव्हीला फिरवायची बटणे होती. रिमोट त्याआधीच अमेरिकेत निघाला होता. झेनिथ कंपनीने १९५५ मध्ये प्रकाशझोताने चालणारा रिमोट आणला आणि १९५६ मध्ये ध्वनिलहरींवर चालणारा. या दुसऱ्या रिमोटला सेल लागत नसत आणि त्यावर जेमतेम चार बटणे असत. आज आजी-आजोबांसाठी जो शोधत फिरावे लागते तो जवळपास हाच.

आपल्याकडे खरा गोंधळ सेट-टॉप बॉक्समुळे झाला. केबलच्या डिजिटायझेशनमध्ये २०१२ साली मुंबईत बॉक्स सक्तीचा झाला आणि ग्रामीण भागासाठी शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ होती. ज्यांच्याकडे केबल नव्हती त्यांनी छपरावर छत्री बसवली होतीच; कोणाची पैसे भरायची डीटीएच, कोणाची दूरदर्शनची मोफत फ्री डिश. घरात बॉक्सचा एक आणि टीव्हीचा एक असे दोन रिमोट झाले. चॅनल एकाने बदलायचे आणि टीव्ही दुसऱ्याने चालू करायचा. आवाज तर दोन्हींनी कमी-जास्त होतो, त्यामुळे बॉक्सचा आवाज शून्यावर आणि टीव्हीचा शंभरावर असा प्रकार घडतो. त्यात स्मार्ट टीव्ही आला आणि रिमोटवर ओटीटी कंपन्यांची रंगीत बटणे आली. ती नेमकी अंगठा पडतो तिथेच असतात.

बटणे कमी म्हणजे रिमोट सोपा?

परदेशात वृद्धांसाठी सहा-सात मोठ्या बटणांचे रिमोट मिळतात. चालू-बंद, आवाज, चॅनल वर-खाली, बस्स. मुलांना पहिला मोह अशाच रिमोटचा होतो. पण आपल्याकडे तो घेण्याआधी आई टीव्ही कसा बघते ते शांतपणे पाहावे.

आपल्या बॉक्सवर शेकडो चॅनल असतात. आकड्यांची बटणे नसलेल्या रिमोटने सह्याद्रीवरून झी मराठीवर जायचे तर मधली कितीतरी चॅनल एकेक करून ओलांडावी लागतील. आणि बऱ्याच ज्येष्ठांना चॅनलचे आकडे तोंडपाठ असतात. इंग्रजी अक्षर ओळखता येत नसले तरी तीन आकडी नंबर बिनचूक दाबला जातो. अशा घरात आकड्यांचे रिमोट काढून घेणे म्हणजे येत असलेली गोष्ट हिरावून घेणे. जिथे दोन-तीनच चॅनल बघितली जातात आणि बॉक्सवर आवडत्या चॅनलची यादी लावून देता येते, तिथे कमी बटणांचा रिमोट चालतो.

बटणांच्या संख्येपेक्षा महत्त्वाच्या गोष्टी वेगळ्या आहेत. काळ्या रिमोटवर करड्या रंगाची बारीक अक्षरे मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना दिसतच नाहीत. काळ्यावर पांढरे ठळक अक्षर हवे. बटण उचललेले आणि दाबल्यावर ‘टक्’ जाणवणारे हवे, सपाट नको. हात थरथरत असतील तर बटणांत अंतर हवे, नाहीतर एकाला दोन दाबली जातात. फार छोटा, चपटा रिमोट दिसायला छान, पण सांधे दुखणाऱ्या बोटांत धरवत नाही आणि गोधडीत हरवतो तो वेगळाच.

एकाच रिमोटवर दोन्ही कामे होतात का?

होतात, आणि बहुतेक घरांचे निम्मे दुखणे इथेच संपते. साधा रिमोट डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतो. तो सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्यातच प्रत्येक बटणाची खूण दडलेली असते. ही खूण दुसऱ्या रिमोटला शिकवता येते. ‘लर्निंग’ रिमोट घेतला तर जुना आणि नवा समोरासमोर धरून एकेक बटण दाबायचे की नवा ते शिकतो. काही डीटीएच रिमोटवर टीव्ही चालू-बंद आणि आवाज यांची बटणे अशीच शिकवता येतात. म्हणजे नवे काही विकत घेण्याआधी घरातल्या रिमोटचे माहितीपत्रक बघावे.

अडचण येते ती ब्लूटूथ रिमोटची. काही स्मार्ट टीव्हींचे रिमोट पहिल्यांदा टीव्हीशी जोडावे लागतात. त्यांची बटणे लर्निंग रिमोटला शिकता येत नाहीत. ओळखायची युक्ती सोपी आहे. फोनचा सेल्फी कॅमेरा चालू करून रिमोटचे टोक त्याच्यासमोर धरावे आणि बटण दाबावे. फोनच्या पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर ते बटण प्रकाशावर चालते. मागच्या कॅमेऱ्याने हे बऱ्याचदा दिसत नाही, कारण त्याला हा प्रकाश गाळणारी काच असते. रिमोट बंद पडला की सेल संपले की रिमोट गेला, हेही याच युक्तीने कळते. शिओमी आणि रेडमीच्या अनेक फोनमध्ये तर असा प्रकाश सोडणारा दिवाच असतो. तो फोन तात्पुरता रिमोट होतो.

टीव्ही आणि बॉक्स एचडीएमआय वायरने जोडलेले असतील तर आणखी एक सोय असू शकते. एकाने चालू झाले की दुसरे आपोआप जागे होते. सॅमसंग तिला एनीनेट प्लस म्हणते, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. मात्र बॉक्सनेही ती पाळावी लागते. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या वायरवर, म्हणजे जुन्या फ्री डिश बॉक्सवर, ही सोय मिळत नाही.

कोकणात आणखी एक गोष्ट घडते. विजा चमकू लागल्या की जाणती माणसे भिंतीवरचे बटण बंद करून वायर काढून ठेवतात, आणि ते योग्यच आहे. पण वायर परत लावल्यावर स्मार्ट टीव्ही पुष्कळदा आपल्या जाहिरातींच्या पानावर उघडतो. काही टीव्हींच्या सेटिंगमध्ये ‘चालू झाल्यावर थेट एचडीएमआयवर जा’ असा पर्याय असतो. तो लावून दिला की पावसाळ्यातले निम्मे फोन वाचतात.

दुकानात जाण्यापूर्वी काय करावे?

आधी आहे त्याच रिमोटवर उपाय करून पाहावा. चालू-बंदच्या बटणावर एक टिकली, चॅनलच्या बटणावर दुसऱ्या रंगाची. खडा असलेली टिकली बोटालाही लागते, त्यामुळे दिवे गेलेले असले तरी सापडते. नको असलेल्या बटणांवर जाड पुठ्ठ्याचा तुकडा चिकटपट्टीने बसवावा. ‘सोर्स’ आणि ओटीटीची बटणे आधी झाकावीत. रिमोटवरचे प्लास्टिक मात्र काढून टाकावे. ते रिमोट नवा ठेवते, पण अक्षरे धूसर करते आणि पावसाळ्यात आत ओल धरते. ओलीने सेलच्या स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर आला असेल तर आधी तो स्वच्छ करावा. रिमोट मेला असे समजून नवा आणणारे पुष्कळ आहेत.

तरीही नवा घ्यायचा झाला तर जुना रिमोट आणि बॉक्सच्या तळाशी चिकटवलेल्या मॉडेल क्रमांकाचा फोटो घेऊनच माणगावच्या बाजारात जावे. फ्री डिशचे बॉक्स असंख्य लहान कंपन्या बनवतात. दिसायला सारखे असले तरी एकाचा रिमोट दुसऱ्याला चालेलच असे नाही. साधा पर्यायी रिमोट काही शे रुपयांत येतो, तेव्हा दोन घ्यावेत. सेल नेहमीच्या बारीक आकाराचे हवेत. नाण्यासारख्या गोल सेलवर चालणारा रिमोट नातवंडे असलेल्या घरात आणूच नये. तो सेल मुलाने गिळला तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर भाजू शकते आणि लगेच रुग्णालय गाठावे लागते. मे महिन्याच्या सुट्टीत घर मुलांनी भरते तेव्हा हे आठवलेले बरे.

आणि एक खबरदारी. टीव्ही बंद पडला म्हणून कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधून फोन लावू नये, असे आई-वडिलांना बजावून ठेवावे. खोटे ‘कस्टमर केअर’ नंबर टाकून खाती रिकामी करणाऱ्यांचा हा जुना धंदा आहे. खरा नंबर बॉक्सवर किंवा पावतीवर असतो. तो मोठ्या अक्षरांत लिहून टीव्हीमागच्या भिंतीवर लावावा. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब कळवावे.

नवा रिमोट कधी द्यावा?

निघायच्या सकाळी नाही. नवा रिमोट हातात ठेवून, एकदा दाखवून, दिवा-सावंतवाडी गाडी पकडायला स्टेशनवर पळणारा मुलगा आठवड्याभरात फोनवर परत शिकवायला बसतो. गणपतीत मंडळी महामार्गावरची कोंडी सोसून घरी येतातच. तेव्हा पहिल्या दिवशी रिमोट द्यावा आणि पुढचे दिवस टीव्ही आईनेच लावावा. चुकले तर मुलांनी रिमोट हिसकावून घेऊ नये. कुठे अडते ते त्या दिवसांत दिसते आणि टिकली कुठे लावायची तेही तेव्हाच कळते. मुंबईतल्या मुलाने रिमोटचा एक फोटो आपल्या फोनमध्ये ठेवावा, म्हणजे ‘वरून दुसरी रांग, लाल टिकलीच्या खाली’ असे नेमके सांगता येते.

जुना रिमोट फेकू नये. सोप्या रिमोटवर मेन्यूचे बटण बऱ्याचदा नसते. फ्री डिशवर चॅनलांची अदलाबदल झाली की नव्याने स्कॅन करावे लागते आणि ते जुन्यावरूनच होते. त्यातले सेल काढून, वर ‘टीव्ही’ किंवा ‘बॉक्स’ असे लिहून तो कपाटात ठेवावा आणि कुठे ठेवला ते शेजारच्यांनाही सांगून ठेवावे.